वाटाड्याचे घर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गतवर्षी दिवंगत झालेल्या ज्ञातिबांधवांचे स्मरण या व्यासपीठावरून करण्याचा आपला प्रघात आहे. यंदा कार्यकारिणीने ते काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही एक सवलत मागून घेतली. यादीतील सर्व नावांचा उल्लेख सकाळच्या सत्रात झालेलाच आहे. म्हणून उरलेला वेळ आम्हांस अशा एका गृहस्थाविषयी बोलण्यासाठी मिळावा, की जो आपल्या ज्ञातीचा नव्हता, आपल्या प्रांताचा नव्हता, आणि आपल्या देशाचाही नव्हता. त्याचे कुटुंब मात्र गेली काही वर्षे आपल्यापैकी काही घरांच्या हिशेबाच्या वहीत आहे. ते कसे, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

सन 2017 च्या वसंत ऋतूत आपल्या मंडळातील अकरा मंडळी एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंतच्या पदभ्रमणास गेली होती. आम्हीही त्यांत होतो. त्या वेळी आमच्याबरोबर जो वाटाड्या होता तो सोलुखुंबू जिल्ह्यातला शेर्पा. त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही; त्याच्या पत्नीची तशी इच्छा आहे, आणि ती आम्ही मानतो. शेर्पांमध्ये मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्यास ठेवण्याची चाल आहे. सोमवारचा तो दावा, मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, शुक्रवारचा पासांग, रविवारचा नीमा. आमच्या वाटाड्याचेही नाव असे वाराचेच होते, एवढे सांगितले तरी पुरे. जुन्या मोहिमांच्या कागदपत्रांत एकाच नावाचे चार-चार हमाल आढळतात, आणि मेला तो त्यांतला कोणता, हे दूर बसून वाचणारास कळत नाही. नावाचा घोटाळा हा जिवंतपणी विनोदाचा विषय असतो. मृत्यूनंतर जेव्हा वारसाला पैसे मिळावयाचे असतात तेव्हा त्याचे स्वरूप निराळे होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'शेर्पा' हा शब्द आपण सर्रास ओझेवाला किंवा वाटाड्या या अर्थाने वापरतो. वस्तुतः ते एका समाजाचे नाव आहे. 'पूर्वेकडचे लोक' असा त्याचा अर्थ. कित्येक शतकांपूर्वी तिबेटातून हिमालय ओलांडून आलेला हा समाज शेती करी, याक पाळी, आणि खिंडीपलीकडे व्यापार करी. डोंगर चढणे हा त्यांचा पिढीजात धंदा नव्हे. तो गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत साहेबांच्या मोहिमांनी त्यांना लावला. उलटपक्षी आज हिमशिखरांवर ओझी वाहणारे सारेच शेर्पा नसतात, त्यांत राई असतात, तामांग असतात, गुरुंग आणि मगर असतात. एखाद्या ज्ञातीचे नाव धंद्याच्या नावात बुडून गेले म्हणजे काय होते, हे इतरांना समजावून सांगावे लागेल. या सभेला सांगण्याचे कारण नाही.

लुक्ल्याहून निघून सातव्या दिवशी आम्ही थुकल्याची चढण चढून वर आलो. तेथे एक सपाट जागा आहे, आणि तीवर दगडांचे लहानमोठे चोर्तेन, म्हणजे स्मृतिस्तूप, उभे आहेत. त्या प्रदेशातील पर्वतांवर जे मरण पावले त्यांची ही स्मारके. रंगीत पताका वाऱ्यात फडफडत होत्या आणि आमच्यातली तरुण मंडळी छायाचित्रे घेण्यात गुंतली होती. आमचा वाटाड्या मात्र टोपी काढून एका मोठ्या चोर्तेनासमोर उभा राहिला. तो बाबू छिरी शेर्पा याचा होता.

बाबू छिरीचे नाव तेव्हा आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते, हे कबूल करण्यास आम्हांस लाज वाटते. सन 1965 मध्ये सोलुखुंबूतील एका लहानशा गावी तो जन्मला. गावात शाळा नव्हती. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो ओझी वाहू लागला, आणि अक्षरओळखही त्याने स्वतःच्याच खटपटीने करून घेतली. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो दहा वेळा पोहोचला. मे 1999 मध्ये तो माथ्यावर गेला आणि तेथे तंबू ठोकून कृत्रिम प्राणवायूशिवाय एकवीस तास राहिला. हे एकवीस तास म्हणजे काय, ते ध्यानात घ्यावे. त्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाएवढाच असतो. बहुतेक आरोही तेथे काही मिनिटे थांबतात, फार तर अर्धा तास, आणि खाली वळतात. पुढल्याच वर्षी, मे 2000 मध्ये, पायथ्याच्या तळापासून माथ्यापर्यंतचे अंतर त्याने 16 तास 56 मिनिटांत तोडले. इतरांना त्या चढाईस तळामागून तळ करीत कित्येक दिवस लागतात.

हे सारे विक्रम त्याने कशासाठी केले, असा प्रश्न आमच्यातल्या एकाने विचारला. वाटाड्याने सरळ उत्तर दिले : शाळेसाठी. आपल्या गावात शाळा व्हावी हा बाबू छिरीचा ध्यास होता, आणि मिळालेल्या कीर्तीचा उपयोग त्याने त्या कामी पैसा जमविण्याकडे केला. त्याला सहा मुली होत्या. आपल्याला जे मिळाले नाही ते त्यांना मिळावे, एवढेच त्याचे साधे गणित होते.

दिनांक 29 एप्रिल 2001 रोजी तो दुसऱ्या तळावर होता, सुमारे साडेसहा हजार मीटर उंचीवर. अकराव्या चढाईची तयारी चालली होती. छायाचित्रे घेण्यासाठी तो तंबूपासून थोडा दूर गेला आणि हिमाखाली दडलेल्या एका भेगेत पडला. तो परतला नाही म्हणून शोध सुरू झाला, आणि रात्री त्याचा देह सापडला. वय पस्तीस वर्षे. माथ्यावरचे एकवीस तास ज्याचे काही बिघडवू शकले नाहीत, तो तळापासून हाकेच्या अंतरावर गेला. काठमांडूत त्याच्या अंत्ययात्रेस लोटलेली गर्दी वाटाड्याने स्वतः पाहिली होती. "मोठा मनुष्य होता, म्हणून लोक आले," तो म्हणाला. "लहान मनुष्य मेला की गावचे लोक येतात आणि लामा येतात." एवढे बोलून त्याने टोपी घातली आणि ओझी उचलण्याची खूण केली.

त्याच रात्री लोबुचे येथे, सुमारे 4,900 मीटर उंचीवर, आमच्या पथकातील एका तरुणाचे डोके दुखू लागले. तो बडबडू लागला, आणि पाणी प्यावयास उठला तो झोकांड्या खात. आम्ही म्हणालो, सकाळ होऊ द्या, मग पाहू. वाटाड्याने त्या तरुणास उभे केले, जमिनीवरच्या फळीच्या सांध्यावरून पावलापुढे पाऊल टाकीत चालावयास सांगितले. चार पावलेही सरळ पडली नाहीत. त्याबरोबर तो आमच्याकडे वळून म्हणाला, "सकाळ नाही. आत्ता." आमच्यातले दोघे-तिघे वयाने मोठे, पदाने मोठे, त्यांनी वाद घातला. त्याने वाद घातला नाही. त्याने आपल्या एका सोबत्यास उठविले, तरुणाच्या काखेत हात घातले, आणि कंदिलाच्या उजेडात दोघे त्याला घेऊन खाली निघाले. थुकल्याच्या त्या चोर्तेनांमधून उतरून, सुमारे सातशे मीटर खाली, पहाटेच्या सुमारास त्यांनी त्याला फेरिचेच्या दवाखान्यात पोहोचविले. उंचीच्या आजारावर उपचार करणारे ते लहानसे ठिकाण 1973 पासून चालू आहे. उंचीमुळे मेंदूला सूज आली होती, आणि अशा वेळी पहिला उपचार म्हणजे खाली उतरणे. तेथील डॉक्टरांनी सांगितले की, सकाळपर्यंत थांबला असता तर ते काही सांगू शकले नसते. तो तरुण आज या सभागृहातच बसलेला आहे. त्याच्या मातोश्रीही आहेत.

परत येताना लुक्ल्याला आम्ही वाटाड्याला बक्षीस दिले, त्याच्याबरोबर छायाचित्र काढले आणि पत्ता घेतला. त्याचा विमा आहे का, किती रकमेचा आहे, वारस कोण, यांपैकी एक अक्षर आम्ही विचारले नाही. आमच्या स्वतःच्या विम्याचे कागद मात्र अकराही जणांच्या कमरपट्ट्यांत होते. ही गोष्ट आज उच्चारताना आवाज जरा अडखळतो, तो आमच्या वयामुळे नव्हे.

सन 2019 च्या शरद ऋतूत, एका लहान शिखरावर पुढे जाऊन दोर बांधीत असता, तो घसरला आणि गेला. बातमी आम्हांस महिन्याने कळली. पत्नी, दुसऱ्या बाजूस वृद्ध आई, चौथीतली मुलगी आणि तिच्याहून धाकटा मुलगा, असा परिवार.

आपल्याकडे अशा वेळी जे होते तेच आम्ही केले. दूरध्वनी झाले, हळहळ झाली, आठ दिवसांत पंचाहत्तर हजार रुपये जमले आणि रवाना झाले. भारतीय रुपयास एक रुपया साठ पैसे नेपाळी या दराने त्याचे एक लाख वीस हजार नेपाळी रुपये होतात. आपण कर्तव्य केले, अशा समाधानात आम्ही होतो. पुढे कळले की त्यांतली निम्म्याहून अधिक रक्कम उत्तरक्रियेत खर्च झाली. शेर्पांमध्ये मृत्यूनंतर एकोणपन्नास दिवसांपर्यंत विधी चालतात. लामांना बोलवावे लागते, दिवे लावावे लागतात, गावास जेवू घालावे लागते. आमच्यातील एका सुधारकी वळणाच्या गृहस्थांनी त्यावर नाक मुरडले. त्या वेळी आमच्या एका वडीलधाऱ्या भगिनींनी त्यांना विचारले, की आपल्या मंडळाचा साहाय्यक निधी मुळात कशासाठी सुरू झाला होता? जुन्या इतिवृत्तांत पाहावे. तेराव्याचे जेवण घालण्यासाठी सावकाराकडे घर गहाण टाकणाऱ्या विधवांची नावे तेथे आहेत, आणि त्यांतली दोन-तीन आडनावे आज पुढल्या रांगेत बसलेली आहेत. गृहस्थ पुढे बोलले नाहीत.

आम्ही तेव्हापासून या प्रश्नाची माहिती काढीत गेलो, ती थोडक्यात सांगतो.

पर्वतावर मेलेल्या हमालाच्या घराचे काय, हा प्रश्न एव्हरेस्टच्या मोहिमांइतकाच जुना आहे. दिनांक 7 जून 1922 रोजी, तिबेटच्या बाजूने चाललेल्या ब्रिटिश मोहिमेत, नॉर्थ कोलच्या चढणीवर हिमप्रपात झाला आणि सात हमाल मेले. साहेबांपैकी एकही दगावला नाही. त्या मोहिमेतील डॉक्टर सॉमरव्हेल यांच्या मनाला ही गोष्ट इतकी लागली की, आपल्यापैकी एखादा तरी त्यांच्याबरोबर गेला असता तर बरे, असे त्यांनी लिहून ठेवले. पुढे त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे दक्षिणेस त्रावणकोरातील नेय्यूरच्या इस्पितळात गरिबांची शस्त्रक्रिया करण्यात घालविली. 1937 मध्ये नंगापर्वतावर एका रात्रीत सोळाजण हिमाखाली गाडले गेले, सात जर्मन आणि नऊ शेर्पा. 1939 मध्ये के-टू शिखरावर एक अमेरिकन आरोही वरच्या तळावर अडकून पडला, तेव्हा पासांग किकुली हा सरदार दोघा सोबत्यांसह त्याला आणावयास वर गेला. तिघेही परतले नाहीत.

दार्जिलिंगच्या शेर्पांनी यावर आपल्या परीने एक मार्ग काढला होता, आणि तो ऐकून आपल्याला परके वाटू नये. त्यांची एक संस्था होती. आरंभी तिचे स्वरूप धार्मिक होते. पुढे ती मोहिमांवर जाणाऱ्यांच्या मजुरीचा आणि मेलेल्यांच्या कुटुंबांस मिळावयाच्या भरपाईचा विचार करू लागली. स्वतः तेनसिंग नोर्गे तिचे अध्यक्ष होते. 29 मे 1953 चा तो विजयवीर परतल्यावर अशा सभांत बसून विधवांचे अर्ज वाचत असे, हे चित्र आम्हांस शिखरावरील त्याच्या प्रसिद्ध छायाचित्राइतकेच मोलाचे वाटते.

अलीकडची गोष्ट सन 2014 ची. दिनांक 18 एप्रिल रोजी सकाळी पावणेसातच्या सुमारास एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावरून बर्फाचा प्रचंड कडा खुंबूच्या हिमधबधब्यावर कोसळला. सोळाजण मेले, सर्वच्या सर्व नेपाळी कामगार. तिघांचे देह मिळालेच नाहीत. कारण उघड आहे. गिऱ्हाईक तो हिमधबधबा मोसमात मोजक्या वेळा ओलांडतो. त्याचे तंबू, शिधा, दोर आणि प्राणवायूच्या नळ्या वाहणारा मनुष्य तो पुनःपुन्हा ओलांडतो. नेपाळ सरकारने तातडीची मदत जाहीर केली ती प्रत्येकी चाळीस हजार नेपाळी रुपयांची, म्हणजे आपले पंचवीस हजार. तळावर संताप उसळला, कामगारांनी पुढे जाण्याचे नाकारले आणि त्या बाजूचा मोसम संपला. त्यापूर्वी मृत्यूविम्याची किमान रक्कम दहा लाख नेपाळी रुपये होती. त्यानंतर ती पंधरा लाख करण्यात आली. पंधरा लाख म्हणजे आपले नऊ लाख साडेसदतीस हजार. तिशीतल्या कर्त्या पुरुषाच्या उरलेल्या आयुष्याची ही किंमत झाली.

जुनिपर फंड नावाची एक संस्था दोन अमेरिकन मार्गदर्शकांनी 2012 मध्ये काढली. 2010 मध्ये बरुन्त्से शिखरावर छेवांग नीमा हा शेर्पा गेला. एव्हरेस्ट एकोणीस वेळा चढलेला मनुष्य! त्या संस्थापकांपैकी एक त्या मोहिमेत होती. या संस्थेची रीत आम्हांस विशेष पटली. ती एकदम मोठी रक्कम देत नाही. मृताच्या कुटुंबास दरसाल तीन हजार डॉलर याप्रमाणे पाच वर्षे देते, आणि पत्नीला एखादा उद्योग शिकावयाचा असेल तर त्यासाठी निराळे साहाय्य करते. दुःख पहिल्या महिन्यात मोठे असते, खर्च मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोठा होतो, हे त्यांनी ओळखले.

त्या समाजातही विधवेची वाट सोपी नाही. 2019 च्या मे महिन्यात नीमा डोमा आणि फुर्दिकी या दोन शेर्पा स्त्रिया एव्हरेस्टवर चढल्या. एकीचा पती 2014 च्या त्या हिमप्रपातात गेला होता. दुसरीचा 2013 मध्ये, हिमधबधब्यात दोर नि शिड्या बांधण्याच्या कामावर असता. पतीच्या पश्चात स्त्रीने हिंडूफिरू नये, हसूबोलू नये, या समजुतीला उत्तर म्हणून त्या चढल्या.

आमच्या वाटाड्याच्या पत्नीने काही शिखर चढण्याचा मनोदय कळविला नाही. तिचे पत्र आले ते एका शिक्षकाच्या हातचे. पैसे मिळाले, ऋणी आहे. विम्याचे कागद चालू आहेत. घरासमोर चहाची टपरी टाकली आहे. मुलाला गावच्या शाळेत ठेवीन, पण मुलीला काठमांडूच्या वसतिगृहात ठेवावे असे तिच्या बापाच्या मनात होते, ते दरसाल जमेल का? इतकेच. एकरकमी काही मागितले नव्हते.

हे पत्र आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवले, तेव्हा आपल्या खजिनदारांनी हरकत घेतली. हरकत योग्य होती, हे आम्ही येथे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्यावर मागाहून बरीच टीका झाली. मंडळाच्या घटनेप्रमाणे साहाय्यक निधी ज्ञातिबांधवांसाठीच आहे. तो ज्यांनी उभारला त्यांनी त्या विश्वासाने दिला. आणि अर्ज प्रलंबित असलेली आपलीच कुटुंबे काही थोडी नाहीत. त्यांनी नियम वाचून दाखविला, वही मिटली, आणि खिशातून पाकीट काढून पहिली वर्गणी स्वतःची ठेवली. निराळ्या खात्याची कल्पना अशी त्यांची आहे. मंडळाचा एक पैसाही त्यात नाही.

नऊ घरांनी मिळून मुलीची वसतिगृहाची फी बारावीपर्यंत भरावयाची, असे ठरले. लगेच 2020 साल उजाडले. साथीमुळे एव्हरेस्टचा मोसम रद्द झाला, वाटेवर प्रवासी उरला नाही, आणि टपरीवरचा चहा घेणार कोण? इकडे आपल्या नऊ घरांपैकी दोन घरांची नोकरी गेली. त्यांनी संकोचाने कळविले, आणि त्यांना कोणी दोष दिला नाही. उरलेल्या सातांनी भार वाटून घेतला. एका वर्षी हप्ता चार महिने उशिरा गेला, त्याची चूक सर्वस्वी आमची. त्या चार महिन्यांत मुलीच्या आईने चांदीचे दागिने ठेवून फी भरली होती, हे आम्हांस तिने सांगितले नाही, शिक्षकाने सांगितले.

महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्यांची संख्या आता लहान राहिलेली नाही. 1998 मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, 2012 मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमीचे पथक पोहोचले. पायथ्यापर्यंत जाणारे तर दरसाल शेकड्यांनी. आपल्या मंडळातीलही दोन तुकड्या जाण्याच्या बेतात आहेत, असे ऐकतो. त्यांना आमची एकच विनंती. ज्या ठेकेदारामार्फत जाल त्याला वाटाड्याच्या आणि ओझेवाल्याच्या विम्याचा कागद दाखवावयास सांगा, त्यावर रक्कम आणि वारसाचे पूर्ण नाव लिहिले आहे का ते पाहा, आणि नसल्यास निघण्यापूर्वी लिहवून घ्या. त्याला दोन मिनिटे लागतात. आम्ही ती खर्च केली नव्हती.

मुलगी माध्यमिक शाळेत आहे. गणितात चांगली, इंग्रजीत बरी, असे शिक्षक कळवितात. तिला परिचारिका व्हावयाचे आहे. निदान गेल्या पत्रापर्यंत तरी होते. बारावीपर्यंतचे हप्ते अद्याप भरावयाचे आहेत. भावाची सोय तर अजून कोणीच केलेली नाही. रिकामी झालेली दोन घरे भरावयाची आहेत. ज्याला त्या रात्री फेरिचेला उतरविले तो तरुण आता नोकरीस लागला असून एक घर त्याने घेतले आहे. दुसरे रिकामे आहे. वही खजिनदारांकडे, भोजनगृहाच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवलेली आहे.